अमेरिकेतून आलेलं काम नागपूरलाच का थांबतं?

मी मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल जे लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. त्यावर तिथल्या विमा कंपन्या बिल मंजूर करतात. साधा टाइप-२ मधुमेह म्हणजे ई११.९. त्याच मधुमेहाने किडनी खराब केली असेल तर ई११.२२, शिवाय किडनी कोणत्या टप्प्यावर आहे त्याचा वेगळा कोड. १ ऑक्टोबर २०१५ ला तिकडे आयसीडी-१० ही आजारांच्या कोडची नवी यादी लागू झाली आणि आजारांचे कोड चौदा हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात गेले. तिकडच्या पगारात हे काम परवडत नाही, म्हणून ते चेन्नई, हैदराबाद, मनिलाला जातं. आता नागपूरलाही येतं.

आजी विचारते, "दिवसभर त्या कंपुटरवर काय पाहून रायली वं?" मी म्हणते, लोकांची दुखणी. तिला ते लगेच समजतं.

एकदा एका पेशंटच्या चार्टमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींमध्ये, कीटकनाशकाची विषबाधा होती. डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, दरदरून घाम. कोड टी६०.०. मला कुठे शोधावं लागलं नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो भरती झाले. ही लक्षणं आमच्या गावात शाळेतली पोरंही सांगतात. खेड्यातल्या मुलीला हे काम जमेल का, असं कुणी विचारलं की मला राग येतो तो यामुळे.

कॉल सेंटरसारखी रात्रपाळीही यात लागतेच असं नाही. तिकडे संध्याकाळी दवाखाना बंद होतो तेव्हा इथे पहाट असते. आपण दिवसा कोड करायचे, सकाळी त्यांना तयार मिळतात.

लॉकडाऊनमध्ये मी गावातूनच काम केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने घरून काम करण्याचे नियम सैल केले होते. लाइन जायची, पण इन्व्हर्टर होता, आणि माझी क्वालिटी, म्हणजे बरोबर कोडचं प्रमाण, ९५ टक्क्यांच्या खाली गेली नाही. पुढे सगळ्यांना परत नागपूरला बोलावलं. कारण दिलं पेशंटच्या माहितीच्या सुरक्षिततेचं. ते मला पटतं. अमेरिकेत त्यासाठी १९९६ चा हिपा कायदा आहे, आणि घरात माझ्या मागे कोण उभं आहे हे कंपनीला कसं कळणार?

मग तालुक्याला एक बंद खोली करा ना. मोबाइल बाहेर, कॅमेरा आत, फायबरची लाइन, जनरेटर. हे स्वप्न नाही. रूरलशोर्स या कंपनीने २००८ मध्ये कर्नाटकातल्या बागेपल्लीत गावच्या मुलांना घेऊन केंद्र सुरू केलं. केंद्र सरकारच्या बीपीओ (दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणारी केंद्रं) योजनेत लहान शहरांसाठी ४८,३०० सीट, म्हणजे बसून काम करायच्या जागा, ठरल्या होत्या, सीटमागे एक लाखापर्यंत मदत. मुंबई-पुणे त्यातून मुद्दाम वगळले होते.

आमच्या तालुक्यात बीएस्सी, बी.फार्म झालेल्या कितीतरी मुली घरी आहेत. नागपुरात नवीन कोडरचा पगार रूम आणि मेसमध्येच संपतो, आणि लग्न झालेलीला तर तिकडे राहणं शक्यच नसतं. शिकायला तयार असलेल्यांची नावं मी वहीत लिहून काढलीत. कोडिंग कंपनीत हे ठरवणारं कुणी वाचत असेल तर खाली लिहा. शिकवायला मी येईन, शनिवार-रविवार, पैसे न घेता.