गादी भरली का?

गुरुवार, रात्री

उजव्या गुडघ्यातली गादी, म्हणजे हाडांमधली कूर्चेची चकती (मेनिस्कस), फाटली म्हणून ऑपरेशनने तिचा तुकडा काढलाय. फिजिओने आज टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी अजून बारीकच. वाटीच्या वर, आतल्या बाजूला जो स्नायूचा फुगवटा असतो तो डावीकडे हाताला लागतो, उजवीकडे नुसती सपाटी. "ताई, गादीचं विसरा, हिला वाढवा," म्हणून तिने तिथेच टिचकी मारली.

विसरू कशी? नौपाड्यातून स्टेशनकडे निघालं की भेटेल तो विचारतो, "भरली का गादी?" म्हणजे काढलेला तुकडा परत वाढला का. शेजारच्या काकू डिंकाचे लाडू देऊन गेल्या. मामेभावाने कोलाजेन पावडरचा डबा धाडला. आता ती पावडर पोटात पचते, तिला गुडघ्याचा पत्ता कोण देणार? लाडू मात्र झकास होते.

आमच्या सर्जनने सरळच सांगितलं होतं, कापलेला भाग परत येत नाही. मेनिस्कसला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला, साधारण 10 ते 30 टक्के रुंदीत. आतला भाग सांध्यातल्या पाण्यावर जगतो. कडेची फाट टाके घातले की सांधू शकते. माझी निघाली आत, तीही चिंध्या झालेली, म्हणून दुर्बिणीने तेवढा तुकडा काढून कडा गुळगुळीत केली. उरलेली शाबूत आहे, आणि तीच जपायची. पाय सरळ असताना गुडघ्यातला जवळजवळ अर्धा भार गाद्यांवर असतो, काटकोनात वाकवला की 85 टक्क्यांच्या आसपास. उकिडवं बसायला बंदी का, ते हा आकडा कळल्यावर पटलं.

मामाला काही पटत नाही. तो कबड्डीवाला, सत्तरच्या दशकात त्याची आतल्या बाजूची अख्खी गादी काढली होती. अशा गुडघ्यांची हाडं पुढे बदलत जातात हे फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जनने 1948 सालीच एक्स-रेवरून दाखवलं होतं, तरी काढणं काही लगेच थांबलं नाही. "माझी परत आली," असं मामा छातीठोकपणे सांगतो. त्यात थोडं तथ्य असेलही. अख्खी काढली की कधीकधी कडेकडून नवी पट्टी धरते. पण ती अरुंद, तंतुमय, मूळच्या गादीइतका भार पेलणारी नव्हे. मामाचा तो पाय आज गुडघ्यात बाहेर वाकलाय. हे त्याच्या तोंडावर कोण बोलणार?

स्टेशनचा पूल चढायला आता काही वाटत नाही. उतरणं जड जातं, कारण ब्रेक मांडीने लावायचा असतो आणि मागचे "चला, चला" करत असतात. मी कठडा धरून, दुखरा पाय आधी टाकत, माझ्या चालीने उतरते.

उद्यापासून नवा व्यायाम : भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं, 45 अंशांच्या पुढे नाही. कोन मोजायचा कसा, विचारलं तर म्हणाली, मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. तो सापडला तर ना!