कोकम म्हणजे नक्की काय देऊ?

शनिवार, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मालवण

दुकानाचं शटर ओढलं, गल्ला जुळला. आता वही.

सुट्टीच्या या दिवसांत काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "कोकम द्या." आणि सगळ्यात जास्त घोटाळेही त्याच दोन शब्दांतून होतात. आपल्याकडे त्या झाडाच्या प्रत्येक वस्तूला वेगळं नाव आहे. ताजं फळ म्हणजे रातांबा, इथल्या बोलीत भिरंड. वाळवलेली साल म्हणजे आमसूल, मालवणात सोलं. मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ. साखरेत मुरवलेलं ते सरबत. बियांचं तेल गोठवून केलेला गोळा म्हणजे मुठेल. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाच्या तोंडी या पाचही गोष्टींना एकच नाव, कोकम. त्यात त्याची काही चूक नाही, त्याच्या घरात तेवढा एकच शब्द पोचलेला असतो.

काउंटरवरचा मुलगा सोलांची पिशवी पुढे करतो. गिऱ्हाईक म्हणतं, "हे नाही हो, बाटलीतलं." मुलगा आगळाची बाटली देतो, पैसे होतात, गाडी सुटते. दोन दिवसांनी घरी पाहुणे येतात, ग्लासात आगळ, साखर, पाणी, बर्फ, आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी. बाटलीवरचा नंबर बघून फोन येतो, "तुमचं सरबत खराब निघालं, मिठासारखं लागतंय." उलटही होतं. सरबताची बाटली नारळाच्या दुधात ओतली जाते आणि गोडमिट्ट गुलाबी सोलकढी ताटात येते. मुलं ती आवडीने पितात, पण तळलेल्या बांगड्याशेजारी ती कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

रंग दोन्हींचा लालच, त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं. खूण अशी: बाटली आडवी करून परत उभी धरायची. सरबतात साखर असते, ते काचेला धरून सावकाश खाली येतं. आगळ पाण्यासारखं झरकन उतरतं. लेबलावर घटक असतात, तिथे साखर लिहिली आहे की मीठ एवढं वाचलं तरी पुरे. सरबत असेल तर एक भागाला चार-पाच भाग पाणी, वर चिमूटभर जिरेपूड. आगळ असेल तर एका मध्यम नारळाच्या तीन-चार कप दुधाला चार मोठे चमचे, त्यात ठेचलेली लसूण-मिरची आणि कोथिंबीर. मीठ चव घेतल्याशिवाय घालायचं नाही, कारण आगळात ते आधीच भरपूर असतं. आणि सोलकढी गरम करायची नाही, ती फुटते.

"आगळ की सरबत?" हा प्रश्न विचारून मात्र काहीही साधत नाही. ज्याला फरक माहीत आहे तो स्वतःच नाव घेऊन मागतो. ज्याला माहीत नाही तो चारचौघांत अडाणी दिसू नये म्हणून समोर दिसेल त्या बाटलीकडे बोट दाखवतो. म्हणून विचारायचं ते असं: "जेवणात घालायचंय की प्यायचंय?" याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं आणि कुणाला कमीपणाही येत नाही. नव्याने कामाला लागणाऱ्या मुलाला वजनकाट्याच्याही आधी हा प्रश्न शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मुठेलाची गंमत निराळी. पांढरट, हाताने लाडवासारखा वळलेला गोळा बरणीत दिसला की कुणाला तो खवा वाटतो, कुणाला साबण. "एक तुकडा चवीला द्या ना" असं हमखास कुणीतरी म्हणतं. खाल्लं म्हणून अपाय नाही, पण जिभेवर नुसतं मेण घोळल्यासारखं होतं आणि माणूस ओशाळतो. त्याआधीच हसून सांगावं की हे टाचांच्या भेगांना लावायचं आहे, वाटीत किंचित गरम केलं की पातळ होतं. चाळीस अंशांच्या आसपास ते वितळतं, म्हणून मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हेही त्याच दमात सांगायचं.

तिरफळाच्या बरणीपाशी मात्र डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. वाळलेलं, उकललेलं ते फळ दिसायला मिरीचा थोरला भाऊ. बडीशेप उचलावी तसं माणूस एक उचलतो आणि दाताखाली धरतो. पहिले दोन-तीन सेकंद छान वास. मग जिभेचं टोक झिणझिणतं, मग ओठ, मग बोलताना शब्द अडखळायला लागतात. चेहऱ्यावर खरी भीती दिसते, काही विषारी तर नाही ना! अशा वेळी हसू आलं तरी आवरायचं. "काही नाही, त्याचा गुणच तो आहे, दहा-पंधरा मिनिटांत उतरेल," हे लगेच सांगायचं आणि भाताचा नाहीतर पावाचा घास असेल तर द्यायचा. मग माणूस शांत झाला की वापर समजावायचा: आतली काळी बी काढून टाकायची, नुसतं साल घ्यायचं, बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे दाटसर तिखट कालवणाला, सात-आठ पुरतात, जरासं ठेचून शेवटी घालायचं, वाटणात बारीक वाटायचं नाही. जीभ बधिर झालेलं गिऱ्हाईकच बहुतेक वेळा पन्नास ग्रॅम घेऊन जातं.

काजूच्या बाबतीत अवघडलेपण वेगळं, ते पैशाचं. डब्ल्यू १८०, २४०, ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात ते. आकडा लहान तितका काजू मोठा. शंभर ग्रॅमला २४० नंबरचे साधारण ५३ गर येतात, ३२० नंबरचे सत्तर. बरेच जण उलटं समजतात आणि "मला मोठे द्या, ३२० चे" असं खात्रीने सांगतात. त्यांना दुरुस्त करताना आवाज खाली ठेवावा, बायकामुलं शेजारी उभी असतात. आणि ज्यांना ग्रेव्हीत वाटायचेत त्यांनी अख्ख्या गराचे पैसे का मोजावेत? पाकळी किंवा तुकडा घ्यावा, चव तीच. पण "तुकडा घ्या, स्वस्त आहे" म्हटलं की काहींना लागतं. आपली ऐपत काढली असं वाटतं. म्हणून भाव सांगण्याआधी एका तळहातावर अख्खा, दुसऱ्यावर पाकळी असं पुढे धरायचं आणि विचारायचं, "वाटायचेत की वर पेरायचेत?" पुढचं त्यांचं ते ठरवतात.

चवीला देताना चमच्याने द्यावं. समुद्रावरून आलेला ओला हात बरणीत गेला की चार दिवसांत वरचे काजू मऊ पडतात, आणि मग त्या बरणीची तक्रार भलत्याच गिऱ्हाइकाकडून ऐकावी लागते.

बोलण्याचंही एक आहे. कट्टा नाहीतर आचरा गावातून कामाला येणारी मुलगी मायेने विचारते, "काय व्हया गो?" इथल्या बाईला त्यात आपलेपणा वाटतो. शहरातल्या बाईच्या कपाळाला आठी पडते, आपल्याला अगंतुगं केलं म्हणून. दोघीही आपापल्या जागी बरोबर. अनोळखी माणसाला "काय देऊ ताई?" म्हणावं, हे शिकवावं लागतं. आणि केस पांढरे दिसले तरी "आजी" म्हणू नये. ताई, दादा, फार तर काका, एवढ्यावर निभतं.

दुपारी एक ते चार बाजार झोपतो. अर्ध्या शटरखालून वाकून "चालू आहे का?" विचारणारे रोज असतात. वेळेची पाटी शटरच्या खालच्या अर्ध्यावर बाहेरून लावावी, म्हणजे शटर पाडल्यावर ती डोळ्यासमोर येते. वर दाराच्या चौकटीवर लावलेली पाटी कुणी वाचत नाही.

वीज गेली की मोबाइलची रेंजही पातळ होते. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे वळते झालेले असतात आणि पैसे आल्याचं सांगणारा आपला स्पीकर गप्प. दोघंही एकमेकांकडे बघत उभे, मागे रांग. त्यांना परत पाठवायला लावू नये, दोनदा कापले गेले की मनस्ताप त्यांना. फोनवर दिसणारा बारा आकडी व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा, व्यवहार यशस्वी दिसत असेल तर माल द्यावा. फोन मात्र त्यांच्या हातातून मागायचा नाही, त्यांनीच वाचून दाखवायचा. दहाच्या नाण्याचंही तसंच. वेगळी नक्षी बघून "चालत नाही" म्हणणारे काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलं होतं की तोवर निघालेली चौदाही नक्षींची नाणी चलनात आहेत. तेव्हा नाणं घ्यायचं आणि सुट्ट्याऐवजी गोळ्या द्यायच्या नाहीत.

सुकी मासळी एसटीने नेणाऱ्याला आधी कागद, मग दोन पिशव्या, मग झाकणाचा डबा. तरी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, वासाने कळतातच.

आता पाऊस तोंडावर आला आहे. सोलांवर पांढरं दिसलं की "बुरशी आली" म्हणून पिशव्या परत यायला लागतील. रातांब्याच्या सालीला खारवलेल्या रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा वाळवतात, तेच मीठ वर येतं. बोटाने चोळलं की खरखरीत लागतं आणि पाण्यात विरघळतं. बुरशी लोकरीसारखी मऊ असते आणि तिला वास येतो. बरणीतलं एक सोल पाण्याच्या वाटीत टाकून दाखवलं की वाद मिटतो, म्हणून काउंटरवर वाटी ठेवायची आहे.

उद्या उघडल्यावर पहिलं काम: आगळाच्या सगळ्या बाटल्या खालच्या फळीवर, सरबताच्या वरच्या. खाली जाड अक्षरांत चिठ्ठी, "आगळ. खारट. सोलकढीला." वर, "सरबत. गोड. पाणी घालून प्यायला."