राहूने पान खाल्लं

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

विनोद चांगला होता, यात वाद नाही. सगळे हसले. सुन्याला तर ताकाचा ठसका लागला. आत्याही हसली आणि ताट उचलून आत गेली. ताट रिकामंच झालं होतं, जायचीच होती ती. तरी कालपासून मला सारखी तिची पाठच दिसतेय.

काल दुपारी पाऊण-एकच्या दरम्यान चंद्रग्रहणाचे वेध लागणार म्हणून साडेअकरालाच पानं वाढली. आदल्या रात्रीच्या विसर्जनाने निम्म्यांचे घसे बसलेले, पण बोलायचं कोणी थांबेना. नंदूकाका आणि सुन्या मराठा आरक्षणाच्या, हैदराबाद गॅझेटवाल्या जीआरवरून जुंपलेले. मी नेहमीसारखा मधे पडलो, "दोघांपैकी कुणी वाचलाय का तो?" दोघेही गप्प. मला गुदगुल्या झाल्या. जीआर मीही वाचलेला नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला ते कधीच कुणी विचारत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला तेवढी सूट असते बहुतेक.

सूट म्हटल्यावर आठवलं, आत्या म्हणाली होती की म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना वेध उशिरा लागतात. मी म्हटलं, "एसटीसारखंच की. पंचाहत्तरी झाली की ग्रहण फुकट." यावरही हसले. माझा दिवस चांगला चालला होता.

मग काकांचं ठरलेलं सुरू झालं, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं. मी म्हटलं, होतंच. आर्यभटाने ४९९ सालीच लिहून ठेवलंय की चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. मग राहू-केतूला अजून पगार कशाला देताय? काका तांबडे झाले. तेवढ्यात दुधाच्या पातेल्यात तुळशीपत्र टाकून आत्या बाहेर आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "सावली काळी असती ना रे? मग ग्रहणात चंद्र तांबडा का दिसतो?"

एक क्षण माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. अगदी कोरं. आणि त्या कोऱ्या जागेतून आपोआप आलं, "तू तुळशीचं पान ठेवलंस, आत्या. राहूने विड्याचं खाल्लं."

झालं.

मला उत्तर येत नव्हतं. शाळेत कधीतरी वाचलेलं असणार, पण काल येत नव्हतं. आणि "माहीत नाही" म्हणायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या निम्म्यात विनोद तयार झाला. हे मला जास्त लागलंय. लाज वाटायलासुद्धा फुरसत मिळाली नाही.

रात्री अकराला गच्चीवर गेलो. एकटाच. ढगांतून मधूनमधून दिसत होता, महिनाभर न घासलेल्या तांब्याच्या लोट्यासारखा. सकाळी कळलं की तिकडे मुंबईत गिरगावला एक मोठं विसर्जन भरतीमुळे अडकून काल रात्री नऊच्या आसपास, म्हणजे ग्रहणाचा स्पर्श व्हायच्या जेमतेम तासभर आधी झालं. त्यावरही मला दोन विनोद सुचले. सांगत नाही.

खग्रास अवस्था १२.२२ पर्यंत होती. वर बघत आणि खाली मोबाइलमध्ये वाचत बसलो. तर आत्याचं बरोबरच होतं. सावली काळीच असायला हवी. पृथ्वीला हवा नसती तर चंद्र काळाच पडला असता. सूर्याचा उजेड पृथ्वीच्या कडेने हवेतून जाताना थोडा वाकतो, निळा वाटेतच इकडेतिकडे विखरून जातो आणि तांबडा तेवढा सावलीत शिरून चंद्रापर्यंत पोचतो. म्हणून कधी तो नारिंगी दिसतो, कधी विटकरी. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी १९९१ साली फुटला, त्याची धूळ वर इतकी साचली की डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र जवळजवळ दिसेनासाच झाला. म्हणजे ग्रहणातल्या चंद्राचा रंग आपल्या हवेची खबर देतो. एवढं सगळं तिच्या त्या एका प्रश्नात होतं. आणि मी पानाची पिंक टाकली.

खालच्या गल्लीत साडेबारानंतर कुणीतरी "दे दान, सुटे गिराण" ओरडत गेलं. लहानपणी या आवाजाला आम्ही बाबांच्या... जाऊ दे.

माझं हे "कशावरून?" कधी सुरू झालं ते मला तारखेनिशी माहीत आहे. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला लागले तो दिवस. मी एफवायला होतो. सगळी आळी वाट्या-चमचे घेऊन देवळात, आणि मी परसात आजीच्या वरवंट्याला दूध पाजत होतो. चमचा भरून कडेला टेकवला की वरवंटाही प्यायचा. अख्खी आळी बघायला आली. आजीने दोन दिवस अबोला धरला आणि मी घरातला शास्त्रज्ञ झालो. तीस वर्षं मी त्या वरवंट्यावर जगतोय.

पण रात्री गच्चीवर बसून तोच प्रसंग पुन्हा नीट आठवून बघितला. तेव्हा सगळे हसत होते, टाळ्या देत होते. आणि आत्या (तेव्हा ती माहेरपणाला आली होती) खाली वाकली होती. "मग दूध जातं कुठं?" म्हणत तिने वरवंटा उचलला, त्याखालून बोट फिरवलं, ओलं बोट मला दाखवलं. खाली पाट्यावर बारीक ओघळ होता. पृष्ठताण वगैरे शब्द माझ्याकडे होते. बघितलं तिने. इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी ते बोट गाळत आलोय. मुद्दाम नाही. विनोदात ते बसत नव्हतं.

मग आणखी एक आठवलं. नारळीकर मे महिन्यात गेले तेव्हा मी इथेच लिहिलं होतं की त्यांची ज्योतिषांची चाचणी मला फार आवडते. दाभोलकरांच्या अंनिसला बरोबर घेऊन केलेली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस, कोणती कुणाची ते ओळखायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नास. हा आकडा मी काकांच्या तोंडावर निदान दहा वेळा फेकला असेन, "नाण्याला दक्षिणा द्या" म्हणून. पण त्या माणसाने ज्योतिषांना बोलावलं होतं, पत्रिका हातात दिल्या होत्या, उत्तरांची वाट बघितली होती. एवढं करायचं म्हणजे समोरचा कदाचित बरोबर निघेल ही शक्यता उघडी ठेवावी लागते. मी काकांसाठी कधी ठेवली? जेवायला बसतानाच मला माहीत असतं की ते चूक आहेत. उरतो तो फक्त शब्द कुठला वापरायचा हा प्रश्न.

आता रडगाणं. घरात मी नेमका कोण आहे? पुतणी गणिताच्या शंका माझ्याकडे आणत नाही, रील दाखवायला आणते. वहिनी पाहुण्यांना सांगते, "हे असले की करमणूक होते." चार वर्षांपूर्वी मी पोटतिडकीने लसीबद्दल बोलत होतो, तेव्हाही लोक शेवटी जोक कधी येतो याची वाट बघत बसले होते. पोचवायला मी नव्हे, वाजवायला मी. बेंजोवाल्याच्या मतांना कोण विचारतं? सुन्याचं तर... त्याच्याशी बोलायला हवं खरं एकदा, जीआर सोडून.

बरं, इतकं दुःख करण्यासारखं काही झालेलं नाही, हेही कळतंय. आत्या रुसलेली नाही. सकाळी चहाला गेलो तर तुळशीपत्रं काढलेलं दूध तापवत होती. मी मोसंबं आणि टॉर्च घेऊन गेलो होतो, ती बघतच राहिली. "काल विचारलंस ना," म्हणून मी सुरुवात केली. टॉर्च म्हणजे सूर्य, मोसंबं म्हणजे पृथ्वी, चंद्र म्हणून तिचीच चहाची वाटी. हवा कुठून आणायची कळेना, म्हणून मोसंब्याभोवती तिच्या नातवाचा जिलेटिनचा लाल कागद गुंडाळला, जे शास्त्रीयदृष्ट्या लबाडीच आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या वेळेला जगात जिथं जिथं सांज झाली असंल आन जिथं उजाडत असंल, तिथला सगळा तांबडा त्याच्यावर पडतो म्हण की."

मी वाचलेल्या कुठल्याही लेखात इतकं नीट नव्हतं. (एका ठिकाणी होतं, पण इतकं थोडक्यात नव्हतं.)

मी मोसंबं सोलायला घेतलं. वाटलं, फिटलं. तर ती गॅस बारीक करत म्हणाली, "मग दर पुनवेला का नाही होत?"

जिभेवर आलं होतं. अगदी पुढच्या दातांपर्यंत. गिळलं. "थांब," म्हटलं, "बघून सांगतो."

"बघ," आत्या म्हणाली. "नाहीतर राहूला इचार. पान खाऊन झालं असंल त्याचं."