गावात लोकेशन, वावरात नाही

ई-पीक पाहणीची, म्हणजे वावरात उभं राहून सरकारी ॲपवर पिकाचा फोटो नोंदवायची, मुदत संपायला दोन दिवस उरले होते. अंबाजोगाईत माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, आणि या दिवसांत निम्मं गिऱ्हाईक शेतकऱ्यांचंच असतं. त्या सकाळी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले एक काका नातीला घेऊन आले. फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, "दादा, ह्यो फोन इथं बरोबर लोकेशन दाखवतो अन् वावरात गेलं की चुकतो. मी सोयाबीनमधी उभा, अन् ॲप म्हणायलंय तुम्ही शेतात नाहीत."

आधी त्यांनी दुसऱ्या एका दुकानात फोन दाखवला होता. तिथं नकाशा उघडून पाहिला, त्यात अंबाजोगाई दिसलं, आणि फोन चांगला आहे, ॲपच खराब आहे असं सांगून परत पाठवलं. नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीकपेरा कोरा राहतो आणि पुढे नुकसानभरपाईला अडचण येते. म्हणून काका पुन्हा एसटीने आले होते.

मीही आधी नकाशाच उघडला. अंबाजोगाई दिसलं खरं, पण आमच्या जागेभोवती निळं वर्तुळ केवढं तरी मोठं होतं. वर्तुळ जितकं मोठं तितका फोनचा अंदाज ढोबळ, म्हणून तिथेच मला शंका आली. शहरात फोनला जागा कळायला जीपीएसच, म्हणजे उपग्रहांचा संदेशच, लागतो असं नाही. आजूबाजूचे मोबाइल टॉवर आणि वायफाय ओळखून तो अंदाज बांधतो. डोंगरातल्या वावरात वायफाय नाही आणि टॉवर असला तरी लांब, म्हणून तिथे अंदाज कोसभर चुकू शकतो.

मग नात म्हणाली, "आणि दादा, आजोबांचं कानातलं ब्लूटूथ फोन खिशात ठेवला की तुटतं. हातात धरला की चालतं."

त्या पोरीने माझं निम्मं काम केलं. ब्लूटूथ आणि बहुतेक वायफाय एकाच 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतात. अंगातलं पाणी या लहरी बरंच शोषून घेतं, पण चांगल्या फोनचं ब्लूटूथ खिशातूनही कानापर्यंत पोचतं. मी वायफाय लावून पाहिलं. राउटर दोन हातांवर, आणि रेंजची एकच काडी! कॉल मात्र खणखणीत लागत होता. कॉलचा मुख्य अँटेना या फोनमध्ये खाली चार्जिंग पिनजवळ असतो. वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएसचा वर. म्हणजे दुखणं वर होतं.

"हा कधी उघडला होता का?"

"उन्हाळ्यात डिस्प्ले बदलला की. तवापासूनच असं करायलाय."

बॅक पॅनेल काढलं. वरच्या प्लॅस्टिक कव्हरवर अँटेनाची पट्टी असते, आणि बोर्डावरची एक बारीक स्प्रिंगची पत्ती तिला टेकते. ती पत्ती दबून आडवी झाली होती, वर काळपट थर होता. कुणीतरी घाईत कव्हर बसवलं होतं. आयपीएने (सफाईच्या अल्कोहोलने) पुसून, ट्विझरने हलकेच उचलून तिला उभी केली. भिंगाखाली दहा मिनिटांचं काम होतं.

फोन घेऊन तिघंही रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली आलो. उपग्रह दाखवणारं ॲप आधी एकही उपग्रह धरत नव्हतं. आता आकडा चढत चढत 17 वर गेला. काका टक लावून बघत होते. म्हणाले, "म्हंजी वर त्येला आपलं शेत कळतं?"

"नाही काका. त्याला काहीच कळत नाही. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो, आपला फोन ऐकतो."

जीपीएसचा उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर वर असतो. त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. कुणाला किती वेळ लागला यावरून फोन आपली जागा काढतो, आणि त्यासाठी निदान चार उपग्रह लागतात, कारण फोनचं घड्याळ त्यांच्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं. इतक्या लांबून आलेला आवाज फार क्षीण असतो. ब्लूटूथ तुटक का होईना चालतं, पण पत्ती टेकली नाही की जीपीएस बहिराच होतो.

एक गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली. जीपीएसला इंटरनेट लागत नाही; नेट असलं तर उपग्रहांची माहिती झटकन मिळते, एवढंच. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच सावकाश उतरते. म्हणून वावरात आंब्याखाली नको, मोकळ्यात चार-पाच मिनिटं थांबायचं आणि मगच फोटो काढायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. लोकेशन मिळालं होतं, सोयाबीनचा फोटो निघाला होता. खाली वावरात रेंज नव्हती, म्हणून खिंडीत चढून त्यांनी तो अपलोड केला होता. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"दादा, फोन खिशात हाय बरं का," ते म्हणाले. "कानातल्यातून बोलायलोय."