१४ बाय १० च्या खोलीतलं थिएटर: आठ महिन्यांची प्रगती

धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगळुरूला गेला तो तिकडचाच झाला आणि त्याची खोली रिकामी पडली. आईच्या मनात तिथे पाहुण्यांसाठी दिवाण होता, माझ्या मनात पडदा. तडजोड म्हणून सोफा-कम-बेड आला आणि समोरची भिंत मला मिळाली. त्याला आठ महिने झाले. चित्र लागलंय, आवाज लागलाय, निम्म्या गोष्टी दोनदा कराव्या लागल्यात.

खोली १४ फूट २ इंच लांब, १० फूट ४ इंच रुंद, उंची साडेनऊ फूट. पुण्यातली जुनी सोसायटी, तिसरा मजला, विटांच्या भिंती. एकच खिडकी.

पहिले दोन महिने मी सगळे करतात तेच केलं. प्रोजेक्टरची स्पेसिफिकेशन्स वाचली. मग एका रविवारी टेप घेऊन खोलीत बसलो आणि लक्षात आलं की आपण उलट्या टोकाकडून सुरुवात केलीय. आधी डोकं कुठे येतं ते ठरवायचं, मग पडदा, मग प्रोजेक्टर. डोकं पार मागच्या भिंतीला टेकवलं तर बास फुगतो, म्हणून सोफा पुढे ओढला. डोळ्यांपासून पडद्याची भिंत साडेदहा फूट. १०० इंची पडद्याची रुंदी ८७ इंच आणि उंची ४९ इंच, म्हणजे या अंतरावरून चित्र साधारण ३८ अंशांत मावतं. ३० अंश किमान धरतात, ४० च्या आसपास सिनेमागृहातल्या मधल्या रांगेसारखं वाटतं. ११० इंचांचा मोह झाला होता, पण भिंतच १२४ इंचांची. दोन्ही बाजूंना स्पीकर ठेवायला जागा उरली नसती. विषय संपला.

आता थ्रो. लेन्सपासून पडद्याचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच गणित आहे. माझ्या मनात भरलेल्या डीएलपी (इवल्या आरशांच्या चिपवरून चित्र फेकणाऱ्या) मॉडेलचा थ्रो १.१ ते १.३, म्हणजे तो पडद्यापासून आठ ते साडेनऊ फुटांवर लटकवायला हवा. बरोबर डोक्यावर. पंख्याचा आवाज आणि गरम हवा थेट टाळूवर. मागच्या भिंतीजवळ लेन्स साडेबारा फुटांवर येते, तिथे १.७२ लागतो. निम्मी यादी इथेच गळाली.

उरलेली निम्मी बायकोने गाळली. एका डेमो रूममध्ये काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची श्रेयनामावली चालू होती. मी खूश. ही म्हणते, "अहो, अक्षरांना लाल-हिरव्या कडा का येतायत?" एका चिपच्या डीएलपीत लाल, हिरवा, निळा हे रंग फिरत्या चाकातून एकामागून एक येतात, तिन्ही एकदम कधीच नसतात. डोळा पटकन हलला की काहींना ते सुटे दिसतात. मला अजिबात दिसत नाहीत, तिला दर मिनिटाला दिसत होते. घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला काळ्यावरची पांढरी अक्षरं दाखवा आणि मान इकडून तिकडे हलवायला सांगा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

म्हणून थ्री-एलसीडीचा एप्सन घेतला. यात तिन्ही रंगांचे पॅनल वेगळे आणि रंग एकाच वेळी पडद्यावर. लेन्स शिफ्ट आहे, म्हणजे प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवता येतं, त्यामुळे कीस्टोनला हात लावावा लागला नाही. कीस्टोन म्हणजे चित्र तिरकं कापून सरळ भासवणं, त्यात पिक्सेल वाया जातात.

याचे पॅनल मुळात १०८० पी आहेत, चित्र अर्ध्या पिक्सेलने सरकवून ४के दाखवतो. "हे खरं ४के नाही" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, आकडा देतो. ०.४७ इंची डीएलपी चिपवरही आरसे १९२० गुणिले १०८० च असतात, ती एका फ्रेमला चार वेळा सरकते. आणि माझ्या जागेवरून १०८० पीचा एक पिक्सेल जेमतेम सव्वा आर्कमिनिटाचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसतो. चांगल्या नजरेची मर्यादाच एका मिनिटाच्या आसपास आहे.

पडदा लगेच घेतला नाही. तीन आठवडे भिंतीवर चिकटपट्टीने चौकट आखून तिथेच बघितलं. उंची दोनदा बदलली. पहिल्यांदा फार वर घेतला होता, दुसऱ्या दिवशी मान आखडली. आता खालची कड जमिनीपासून २६ इंचांवर आहे. मग फिक्स्ड फ्रेम, मॅट पांढरा, गेन १, म्हणजे उजेड न वाढवता, न घटवता परतवणारा. खाली ओढायचा पडदा स्वस्त मिळत होता, पण मित्राकडच्या तशा पडद्याला वर्षभरात लाटा आल्यात, क्रिकेटच्या मॅचमध्ये कॅमेरा फिरला की सीमारेषा पोहते. खोलीतला इतर उजेड गिळणारा एएलआर पडदा दिवाणखान्यासाठी ठीक. जिथे दिवे बंद करता येतात तिथे तो कशाला?

वायरिंगची गोष्ट लाजिरवाणी आहे, पण सांगतो. प्रोजेक्टरपर्यंत ४० फूट केबल जाणार होती, म्हणून ऑप्टिकल एचडीएमआय घेतली. या केबलला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं नाही, त्याने पाहिलं नाही. पाइपातून ओढली, पीओपी बंद केलं, लावून बघतो तर पडदा काळा. उलटी. परत काढताना २० एमएमच्या कोपऱ्यात प्लग अडकला आणि पीओपी फोडावं लागलं. आता २५ एमएमचा पाइप आहे आणि आत एक मोकळी नायलॉनची दोरी कायमची टाकून ठेवलीय, पुढच्या केबलसाठी.

स्पीकर वायरचं दुसरं. तांब्याची म्हणून मिळालेली गुंडाळी हाताला फारच हलकी लागली. ब्लेडने एक तार खरवडली तर आतून चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम! दुकानदाराने कुरकुरत परत घेतली. नंतर तपकीर गल्लीतून १४ गेजची घेतली, तिथल्या तिथे खरवडून.

आता रंग. प्रोजेक्टर लागला त्या रात्री चित्र बघून मी जरा खट्टूच झालो. अंधारातला प्रसंग आला की सगळं राखाडी. प्रोजेक्टरला शिव्या घालत होतो, आणि नजर छतावर गेली. पांढरंशुभ्र छत चित्राबरोबर उजळत होतं, मिटत होतं. पडद्यावरून निघालेला उजेड छतावर आणि भिंतींवर आपटून परत पडद्यावरच येत होता.

उजेड मोजायचा लक्समीटर आणला. बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना लावला, मीटर पडद्याला टेकवून लेन्सकडे धरला, काळा शर्ट घालून, म्हणजे माझाच उजेड नको. पांढऱ्या घरात ३९० लक्स, काळ्या घरात ४.६. म्हणजे कॉन्ट्रास्ट ८५ ला १. कंपनीच्या पत्रकावर एक लाख. ते एक लाख वेगळ्या तऱ्हेने मोजतात, पूर्ण पांढरी फ्रेम आणि पूर्ण काळी फ्रेम वेगवेगळी. पण सिनेमात काळं-पांढरं एकाच फ्रेममध्ये असतं.

त्याच मीटरने उजेडाचाही हिशोब लागला. पूर्ण पांढऱ्या फ्रेमवर नऊ ठिकाणी मोजून सरासरी ३८० लक्स आली, सिनेमा मोड, दिवा इकोवर. पडद्याचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर, म्हणजे पडद्यावर एकूण उजेड साधारण १०५० ल्युमेन. पत्रकावर ३०००. तरीही पडद्याच्या उजळपणाच्या मापात हे ३५ फूट-लँबर्ट होतात आणि डिजिटल सिनेमागृहाचं प्रमाण १४ आहे! एचडीआरला (जास्त तेजाच्या व्हिडिओला) जास्त उजेड बरा वाटतो हे खरं, पण अंधाऱ्या खोलीसाठी ल्युमेनच्या मागे पैसे टाकण्यात राम नाही. ते पैसे रंगाच्या डब्यात टाका.

आईला म्हटलं, छत आणि समोरची भिंत काळी करायचीय. ती भाजी निवडत होती. हात थांबला. "सणासुदीच्या तोंडावर घराला काळं फासायला निघालास?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवस विषय बंद. मग सुवर्णमध्य निघाला. पडद्यामागची भिंत काळी, कारण तशीही ती झाकलेली. छत गडद चॉकलेटी. बाजूच्या भिंतींना पुढचे सहा फूट गडद वाइन रंगाचे मखमली पडदे, जे पाहुणे आले की मागे सरकवता येतात. रंग घेताना मॅट असं ठासून सांगा. माझा पहिला डबा हलक्या चकाकीचा निघाला आणि छतावर पडद्याचं चक्क प्रतिबिंब दिसायला लागलं. दुसरा हात मॅटचा मारावा लागला.

परत मोजलं. पांढरं ३८०, काळं १.६. साधारण २३५ ला १. इतक्या कमी उजेडाला स्वस्त मीटरचा फार भरवसा धरू नये, पण फरक डोळ्यांना दिसतो. या सगळ्या प्रकल्पात दमडीला दमडी सगळ्यात जास्त फळ कशाने दिलं असेल तर या रंगाने.

आवाजाकडे येतो. ५.१ वर, म्हणजे पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर एवढ्यावर, थांबलोय. छतात दोन ॲटमॉस (वरून आवाज देणाऱ्या) स्पीकरच्या वायरी सोडून ठेवल्यात, पण साडेनऊ फुटांतून बीम वजा केला की घाई वाटत नाही. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे बुकशेल्फ आहेत, मधला सेंटरसुद्धा, उभा. आडवे सेंटर दिसायला छान असतात, पण दोन वूफर आडवे बसवलेल्या साध्या डिझाइनमध्ये कडेला बसलेल्याला दोघांचा आवाज एकमेकाला खातो. आई नेहमी सोफ्याच्या डाव्या कडेला बसते आणि "काय म्हणाला?" हा प्रश्न तिचाच असतो. उभा लावल्यापासून प्रश्न कमी झालेत. अडचण एकच, तीन हवे होते आणि मिळतात जोडीनं. चौथा कपाटावर धूळ खातोय.

टाळी वाजवली की खोली झणझणायची. आवाज शोषणारे पॅनल करण्याआधी, भिंतीवरून आवाज कुठे उसळतो ते शोधायला फुकटचा प्रयोग केला. बायकोला भिंतीलगत आरसा सरकवायला सांगितला, सोफ्यावरून आरशात स्पीकर दिसला तिथे खूण, आणि त्या खुणेवर आजीची गोधडी टांगली. संवाद एकदम जवळ आले. मग ४८ घनतेच्या (किलो प्रति घनमीटर), ५० एमएम जाडीच्या रॉकवूलच्या सहा फ्रेम सुताराकडून करून घेतल्या. हातमोजे आणि मास्क विसरू नका, मी विसरलो, दोन दिवस खाजवत होतो. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या.

सबवूफरने मात्र घाम काढला. पुढच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, कारण तिथेच जागा होती. रिसीव्हरने (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या डब्याने) आपोआप कॅलिब्रेशन केलं, पुढचे स्पीकर लार्ज धरले, ते मी स्मॉल करून क्रॉसओव्हर ८० वर आणला, म्हणजे ८० हर्ट्झखालचा आवाज सबकडे. तरी काही प्रसंगांत बास घुमायचा आणि काहींत गायब. यूमिक-१ हा मोजणीचा माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर लावून आरईडब्ल्यू या सॉफ्टवेअरमध्ये मोजलं. ४० हर्ट्झला ९ डेसिबलचा डोंगर, ५४ ला १३ चा खड्डा. खोलीची लांबी ४.३२ मीटर. आवाजाचा वेग ३४३ भागिले लांबीची दुप्पट केलं की ४० येतात. रुंदीचं केलं की ५४. खोलीनेच आपली मापं ग्राफवर लिहून दिली होती.

डोंगर ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करून) कापता येतो. खड्डा भरता येत नाही, जेवढं ओताल तेवढं रद्द होतं. म्हणून सब सोफ्यावर ठेवला, ५४ हर्ट्झचा सूर लावला आणि मी खोलीभर रांगलो. जिथे सूर भरीव लागेल तिथे सब जाणार. आईने दारातून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. बेचाळिसाव्या वर्षी रांगून उत्तर मिळालं ते असं: समोरच्या भिंतीचा मध्य. नंतर गणित उमगलं. सोफा रुंदीच्या मधोमध आहे आणि रुंदीचा पहिला मोड (खोलीच्या मापामुळे दोन भिंतींत उभी राहणारी आवाजाची लाट) नेमका तिथे शून्य असतो. कोपऱ्यातला सब त्या मोडला जोरात चेतवतो, मधला सब चेतवतच नाही. आता सब सेंटरला खेटून पडद्याखाली आहे. खड्डा १३ वरून ४ वर आला.

पण खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे मांडणीवरचे डबे वाजतात. सबखाली रबराचे पाय लावले, काडीचा फरक पडला नाही, कारण बास हवेतूनच स्लॅब हलवतो. दहानंतर सब ६ डेसिबल खाली, असा करार झालाय. रिमोटवर तेवढ्यासाठी एक प्रीसेट आहे, त्याचं नाव "काकू".

परवा आईसाठी प्रभातचा एक जुना कृष्णधवल चित्रपट लावला. त्या काळचं चित्र १.३७ ला १, जवळजवळ चौकोनी. माझ्या पडद्यावर ते ६७ इंच रुंद येतं आणि दोन्ही कडांना दहा-दहा इंच रिकामे राहतात. पाचच मिनिटांत डाव्या कडेवरून आवाज आला, "बाजूला हे करड्या रंगाचं काय दिसतंय? काळं का नाही?"

प्रोजेक्टरचा काळा पूर्ण काळा नसतो, पडद्याला मखमलीच्या पट्ट्या लावल्या तर ते जाईल, असं म्हणालो. आज सकाळी उरलेलं मखमल आणि टेप घेऊन तिने मला माप विचारलं. दोन पट्ट्या, प्रत्येकी १० बाय ४९, शिलाईसाठी एक इंच जास्त. कडेला चुंबक शिवायचेत, ते बोहरी आळीतून आणायचे आहेत.