एडवर्ड, पण कितवा?

मेटल डिटेक्टर घेऊन इंग्लंडात कुणाच्याही शेतात घुसता येत नाही, आधी मालकाची परवानगी लागते. आमची बोली साधी होती: मिळेल त्यात निम्मा वाटा आणि खणलेला खड्डा बुजवून जायचं. यॉर्कशरमधल्या त्या नांगरलेल्या वावरात वीतभर खोलीवर हे चांदीचं नाणं मिळालं. व्यास १९ मिलिमीटर, वजन १.३ ग्रॅम. चिखल साध्या पाण्याने जाऊ दिला. घासायचं नाही, हे इथे नवख्यांना सगळ्यात आधी बजावतात.

पेनी आहे हे लगेच कळलं. मागे काठापर्यंत पोचलेला लांब क्रॉस, त्याच्या चारही घरांत तीन-तीन टिंबं. पुढे समोर बघणारा मुकुटधारी राजा, कानांपाशी केसांचे झुपके. पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये हा घाट आणला आणि त्याच्या मुलाने-नातवाने तोच चालवला. चेहरा सगळ्यांचा एकच! म्हणजे ओळख पटवायची ती अक्षरांवरून, आणि हातोड्याने पाडलेल्या नाण्यावर अक्षरं मिळणं नशिबाचा भाग. ठसा जरा सरकला की अर्धा लेख काठाबाहेर. शिवराई हाताळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

टेबललॅम्पच्या तिरप्या उजेडात भिंग लावून बसलो. मागे ‘सिव्हिटास ड्युरेमे’, म्हणजे डरहॅम शहर. पुढच्या लेखाच्या सुरुवातीचा छोटा क्रॉस मात्र साधा नव्हता, त्याची टोकं दुभंगून बाहेर वळली होती. ही बिशप अँटनी बेकची खूण! डरहॅमच्या बिशपांना टंकसाळीचा हक्क होता, आणि हे महाशय १२८३ ते १३११ गादीवर होते. तिसरा एडवर्ड बाद, उरले बाप-लेक. राजाच्या नावाची चारच अक्षरं कोरलेली: ई, डी, डब्ल्यू, ए. आधीच्या बहुतेक नाण्यांवर तीनच असतात. चार अक्षरांची साधारण १३०५ नंतरची, आणि पहिला एडवर्ड वारला १३०७ मध्ये. इथे माझं गाडं अडलं.

मग पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या, आमच्या भागातल्या अधिकाऱ्यांना लिहिलं. इंग्लंडात हे काम ब्रिटिश म्युझियम बघतं. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि नकाशावरची नेमकी जागा कळवली, नंतर नाणंही नेऊन दिलं. जागा नेमकी हवी, नाहीतर नोंदीला फारसा अर्थ नाही. बऱ्याच दिवसांनी नाणं परत आलं, नोंद क्रमांक मिळाला. राजाच्या रकान्यात ‘एडवर्ड पहिला किंवा दुसरा’. मला ते ‘किंवा’ आवडलं. विक्रीला असती तर पहिल्या एडवर्डच्या नावावर सहज खपली असती.

पेनी माझ्याकडेच राहिली. शेतकऱ्याला त्याच्या वाट्याचे पैसे दिले. एकटं नाणं सहसा ‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याच्या लेखी खजिना, ठरत नाही. पुढच्या कापणीनंतर त्याच जागी आणखी एखादं निघालं, तर मात्र १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागेल.