खेचरांच्या वाटेवर सायकल

माझं माहेर लोणी काळभोरजवळ, वस्तीवर. मुठा उजवा कालवा आमच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी कालवा म्हटलं की आवर्तन, पाळी, पाटकरी आणि रात्री बॅटरी घेऊन दारे धरायला गेलेले अण्णा एवढंच डोळ्यांसमोर यायचं. शाळेला जाताना मी कालव्याच्या भरावावरून सायकल चालवायचे. डांबरी रस्ता जवळचा होता, पण भरावावर बाभळीची सावली आणि शेजारून वाहणारं पाणी, म्हणून वळसा परवडायचा.

लग्नानंतर अमेरिकेत मेरीलँडला आले. वॉशिंग्टन शहरापासून आमचं घर गाडीनं पाऊण तासावर. इथंही कालवा सापडेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. पोटोमॅक नदीच्या काठाकाठानं, शहरातल्या जॉर्जटाउनपासून पार डोंगरातल्या कंबरलँडपर्यंत 184.5 मैलांचा, म्हणजे जवळपास 297 किलोमीटरचा कालवा आहे. चेसपीक अँड ओहायो कालवा. सगळे त्याला सी अँड ओ म्हणतात. नदी आणि कालवा यांच्या मधून मातीची वाट जाते. सहा वर्षं झाली, माउंटन बाइक घेऊन बहुतेक शनिवारी मी या वाटेवर असते.

आपला कालवा शेताला पाणी देण्यासाठी, हा बोटींसाठी. पोटोमॅकमध्ये खडक आणि धबधबे इतके की नदीतून माल नेणं अवघड. म्हणून नदीला समांतर संथ पाणी खोदून काढलं. बोटींना इंजिन नव्हतं. काठावरून खेचरं चालायची, त्यांना बांधलेल्या लांब दोरानं बोट मागून यायची. डोंगरातला कोळसा असा शहरात पोचायचा, एका बोटीत शंभर टनांवर. बोटीवर अख्खं कुटुंब राहायचं आणि खेचरांसोबत पुष्कळदा घरातली मुलंच चालायची. मी सायकल चालवते ती ही खेचरांची वाट.

कंबरलँड समुद्रसपाटीपासून 605 फूट उंच. ती उंची उतरायला 74 लॉक बांधली, लॉक म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत आली की वरचे दरवाजे बंद करायचे, खालच्या दरवाजांतल्या लहान झडपा उघडायच्या. पाणी निघून जाईल तशी बोट आठेक फूट हळूहळू खाली बसते, मग खालचे दरवाजे उघडतात. दरवाजांची जोडी वरच्या पाण्याकडे टोक करून मिटते, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. लॉकशेजारी राखणदाराचं छोटं घर. रात्री-अपरात्री बोटीचा भोंगा वाजला की त्यानं उठायचं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आमचे पाटकरी मामाच आठवले. पाण्याची वेळ पाळण्यासाठी झोप मोडणारी माणसं जगात दोन्हीकडं होती.

अण्णांना मी व्हिडिओ कॉलवर कालवा दाखवला. मी तेव्हा वाटेवरच्या सेनेका या ठिकाणाच्या पुढं होते. तिथून वर कालव्यात बहुतेक ठिकाणी पाणी नाही. तळात झाडं उगवून मोठी झाली आहेत. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आगं, पाणी कुठाय? आवर्तन कधी सुटतंय?"

"सुटत नाही अण्णा. 1924 सालीच बंद पडलाय."

"शंभर वर्सं? आन् भराव आजून इतका नीट?"

त्यांची नजर बरोबर जिथं जायला हवी तिथं गेली होती. भराव नीट आहे, कारण तो वाचवला गेला.

4 जुलै 1828 ला कालव्याचं काम सुरू झालं. त्याच दिवशी शेजारच्या बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला गेला. रेल्वे 1842 मध्ये कंबरलँडला पोचली, कालवा 1850 मध्ये. पुढं ओहायो नदीपर्यंत न्यायचा बेत तिथंच थांबला. खोदकाम करणारे बहुतांश आयरिश मजूर होते आणि 1832 च्या कॉलऱ्यात त्यांच्या छावण्याच्या छावण्या उद्ध्वस्त झाल्या. या वाटेवर त्यांची नावं कुठं दिसत नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. 1889 च्या पुरानं कालव्याचं कंबरडं मोडलं, 1924 च्या पुरानंतर तो कायमचा बंद झाला.

1950 च्या दशकात कालव्याच्या जागी मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं. वॉशिंग्टन पोस्टनं अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं: माझ्याबरोबर हा कालवा पायी चला, मग ठरवा. मार्च 1954 मध्ये कंबरलँडहून 58 जण निघाले. सगळं अंतर चालून पोचले ते नऊ, त्यांत डग्लस होते. वर्तमानपत्रानं भूमिका बदलली आणि रस्ता झाला नाही. 1971 मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. एका माणसाच्या पायपिटीनं मला ही वाट मिळाली, ही भावना पॅडल मारताना मनातून जात नाही.

माझी आवडती फेरी सेनेकाच्या रायलीज लॉकपासून मोनोकसीच्या जलसेतूपर्यंत, जाऊन-येऊन साधारण 62 किलोमीटर. वाट सपाट, पण मातीची. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस चिखल हटत नाही, आणि सायकमोरच्या झाडांच्या मुळ्या वाटेवर अशा आडव्या येतात की हाताला झिणझिण्या येतात. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची हे मी मनगटं दुखल्यावर शिकले. डोंगरी चढ-उतार हवे असतील त्यांच्यासाठी जर्मनटाउनची शेफर फार्म्सची वाट आहे, मक्याच्या शेतांमधून वळणं घेत जाणारी. मला नदी सोडवत नाही.

रायलीज लॉक तांबड्या दगडाचं. शहरातल्या स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेची किल्ल्यासारखी इमारत इथल्याच खाणीच्या दगडाची आहे. आठ मैलांवर एडवर्ड्स फेरी: अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, जून 1863 मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईकडं निघालेली उत्तरेची फौज इथं नदी ओलांडून आली. आज तिथं कासवं ओंडक्यावर ओळीनं ऊन खात बसलेली असतात आणि करडा बगळा पाण्यात एका पायावर उभा असतो. थोड्या थोड्या अंतरावर तंबूच्या जागा आहेत, तिथं हापसा असतो. पाण्याला आयोडिनचा वास येतो, पण उन्हात ते गोड लागतं.

मोनोकसीचा जलसेतू म्हणजे मोनोकसी नदीवरून कालवा नेणारा पूल. सात कमानी, 516 फूट लांबी, दगड शेजारच्या शुगरलोफ डोंगरातला. 1862 मध्ये दक्षिणेच्या फौजेनं तो पाडायचा प्रयत्न केला आणि चिरेबंदी बांधकामापुढं हात टेकले. जलसेतूवर सायकलवरून उतरून चालत जायचा नियम आहे. मला तो नियम फार आवडतो. हातानं सायकल ढकलत, एका बाजूला दगडी कठडा आणि खाली नदी, अशी मी तो सेतू सगळ्यात सावकाश पार करते.

गेल्या सप्टेंबरात परतताना वाटेवर गोड वास आला, पिकलेल्या केळ्याचा आणि आंब्याचा मिळून. झाडाखाली हिरवट-पिवळी फळं पडली होती. पॉपॉ. एक फोडलं तर आत पिवळा मऊ गर आणि मोठ्या चपट्या काळसर बिया. बिया हातात घेतल्या तेव्हाच ओळख पटली. हे फळ आपल्या सीताफळाच्या कुळातलंच आहे. मी तिथंच काठावर बसून खाल्लं आणि अण्णांना फोन लावला. सासवडच्या सीताफळांवर वाढलेला माणूस. त्यांनी चव विचारली, झाडाची उंची विचारली, पान कसं असतं ते कॅमेऱ्यात धरायला लावलं.

"बी राखून ठेव," ते म्हणाले. "वाळवू मात्र नगंस, बी वाळलं तर उगवंल का न्हाई कुणाला ठावं."

घरी येऊन शोधलं तर अण्णांचंच खरं. हे बी वाळलं की मरतं. ओलसर ठेवून थंडीत तीनेक महिने काढल्यावरच रुजतं. आठ बिया ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. एप्रिलमध्ये कुंड्यांत लावल्या आणि जुलैमध्ये तिघींनी माना वर काढल्या.